पावसाच्या गावात चाळीस घागरी

थांबा, थांबा. जे काय करताय ते जरा बाजूला ठेवा, कारण हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. सुरगाण्याहून परत येऊन दहा-बारा दिवस झाले आणि मी कॉलेजात, रिक्षात, दूध घ्यायला गेले की दुकानात, भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय. शेवटी आई म्हणाली, "प्रज्ञे, एकदाचं लिहून टाक आणि आमचे कान सोड." म्हणून लिहितेय. टायपिंगच्या चुका तुमच्या तुम्ही दुरुस्त करून घ्या, मला वेळ नाहीये.

तर आधी थोडं मागचं. मी नाशिकरोडची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझ्या बेंचवर यमुना बसते. ती सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची, म्हणजे अगदी गुजरातला टेकलेल्या डोंगरातली. पाड्याचं नाव लिहू नको म्हणालीय, लोक रील काढायला येतील म्हणून. आणि माझी शालूमावशी नांदगावकडची, म्हणजे जिल्ह्याच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाची. आता गंमत बघा. श्रावणात यमुना सुट्टीहून येते तेव्हा तिच्या वहीच्या पुठ्ठ्याला बुरशी धरलेली असते, आणि त्याच आठवड्यात मावशीचा फोन येतो, "काय गं, तुमच्याकडं पडला का? आमच्याकडं ढग आले, तोंड दाखवलं अन् गेले." एकच जिल्हा, एकच कलेक्टर, आणि एकीकडे कपडे वाळत नाहीत तर दुसरीकडे टँकर येतो. मी मधे नाशिकरोडला नळ सोडून दात घासते.

एप्रिलच्या शेवटी एके दिवशी यमुना कॅन्टीनमध्ये फोन ठेवून रडायलाच लागली. मला वाटलं कुणी गेलं. तर नाही. तिच्या पांडूदादानं गेल्या पावसाळ्यात घरामागच्या उतारावर आंब्याची चाळीस कलमं लावली होती. आता पाड्यावरची माणसं दर एप्रिलला द्राक्षांच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडे जातात. मुकादमाची पिकअप येते, घरंच्या घरं त्यात बसतात, पोरं पण. पांडूदादा या वर्षी पहिल्यांदाच गेला नव्हता. का, तर कलमांना पाणी घालायला कुणीतरी पाहिजे. आणि आता पाणीच संपत आलं होतं. पानं वळायला लागली होती. मुकादम रविवारी शेवटची खेप करणार होता.

"कलमं जगत नसतील तर दादा बसणार गाडीत," यमुना म्हणाली. "वहिनी पण, त्यांची पोर तारा पण. ताराची सोमवारपासून परीक्षा आहे. तिसरीची. आणि कलमं एकदा मेली ना, तर तो परत नाही लावणार. मी ओळखते त्याला."

मी उठले आणि मावशीला फोन लावला. कारण माझ्या ओळखीत कोरड्या जमिनीत झाड जगवणारं एकच माणूस आहे. तिच्या साठ लिंबांतलं गेल्या दोन उन्हाळ्यांत एक पण मेलं नाही.

"कुठं म्हणती? सुरगाण्याला?" मावशी ओरडली. "जिथं पावसानं भिंती कुजतात तिथं पाणी नाय? थट्टा लावली का माझी?"

"मावशी, खरंच."

"किती कलमं?"

"चाळीस."

मग म्हणाली, "आखाजी होऊन गेली ना? मग जमलं. ये इकडं."

गुरुवार

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मावशीच्या गावात त्या दिवशी घरोघरी नवी मातीची घागर येते, पितरांसाठी पुजतात आणि मग तीच वर्षभर पाण्याला वापरतात. गेल्या वर्षीची जुनी निघते, कारण तिची छिद्रं बुजलेली असतात आणि पाणी गार होत नाही. आम्ही बौद्ध, आमच्यात ही पूजा नाही. पण मावशी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत फिरून जुन्या घागरी मागून आणते. सगळ्यांना माहीत आहे, त्या आधीच ओट्यावर काढून ठेवतात. त्या घागरीच्या बुडाला ती खिळ्यानं भोक पाडते, त्यात सुती चिंधीची वात ओवते आणि झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरते. वरून फरशीचा तुकडा. एकदा भरली की वातीतून थेंब थेंब झिरपत चार दिवस झाड पाणी पितं. उन्हाला पत्ता पण लागत नाही.

मी पोहोचले तेव्हा काकांचा छोटा हत्ती दारात उभा, आणि त्यात कडब्याच्या गादीवर चाळीस घागरी. काकांबद्दल, म्हणजे मावशीच्या नवऱ्याबद्दल, सांगायलाच पाहिजे. काका मूळचे मालेगावकडचे, अहिराणी बोलतात, म्हणजे बोलले तर. दिवसाला सरासरी चार वाक्यं. 'आहे'ला 'शे' म्हणतात. त्यांना मी विचारलं, "काका, एवढ्या घागरी नीट जातील ना?" तर म्हणाले, "रस्तावर शे." म्हणजे रस्त्यावर अवलंबून आहे. झालं. त्या सकाळचं वाक्य संपलं.

नांदगावहून निघालं की पहिला तासभर सगळं करड्या रंगाचं. बोडकी माळरानं, कोरडे नाले, बाभळी. मग लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांत आम्ही असे अडकलो की मावशी गाडीतून उतरून भेळभत्ता घेऊन आली, आम्ही खाल्ला, कागद टाकायला ती परत गेली, आणि गाडी तिथंच. एका ट्रॅक्टरवाल्यानं घागरी बघून विचारलं, "मावशी, दुकान काढलं का?" मावशी म्हणाली, "हा, तुझ्या बायकोला पाठव, एकावर एक फ्री."

पण पुढे निफाड लागलं आणि मावशीनं काच पार खाली केली. दोन्हीकडे द्राक्षबागा, ऊस, कालव्याला पाणी. तेही भर उन्हाळ्यात. ती बघतच राहिली.

"हे पाणी कुठलं गं?"

"धरणांतलं. वर पश्चिमेला पडतो ना पाऊस, तो अडवलेला."

"म्हंजे पडतो त्यांच्याकडं अन् पिकतं यांच्याकडं," ती म्हणाली. "अन् आपल्याकडं?"

काका म्हणाले, "आपलाकडे ऊन शे."

वणी मागे पडली, घाट लागला. मला वाटलं होतं यमुनाच्या गावाकडे सगळं हिरवंगार असेल. अहो, कसलं काय! साग पार उघडे, डोंगर तांबडे, नदीच्या पात्रात नुसते दगड, आणि ते दगड गोल गुळगुळीत. म्हणजे पावसाळ्यात इथून किती पाणी धावत असेल ते त्यावरून कळत होतं. सगळं पाणी उतारानं पश्चिमेला गुजरातकडे आणि तिथून समुद्रात. मावशीनं गाडी थांबवायला लावली, खाली उतरली, एक दगड उचलून बघितला आणि म्हणाली, "पळपुटा पाऊस."

पाड्यावर पोहोचलो, यमुना आदल्या दिवशीच येऊन वाट बघत होती, आणि सदतीस घागरी शाबूत. तीन शेवटच्या चढाला गेल्या.

गुरुवारची संध्याकाळ, आणि जेवण

पाड्यावर छाटणीला न गेलेली चौदा घरं. यमुनाची आई सोनाबाई, बारीक अंगाची, नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली. तिनं मला आधी नीट बघून घेतलं आणि यमुनाला म्हणाली, "ही पोसी लय बारीक हाय, जेवत नाय का?" पोसी म्हणजे मुलगी. मी तिथं चार दिवस पोसीच होते.

जेवायला नागलीची भाकरी, भरडलेल्या उडदाची घट्ट डाळ आणि कैरीची चटणी. मावशी भाकरी उलटसुलट करून बघत होती. "ताई, ही तर चॉकलेटी हाय." सोनाबाई म्हणाली, "खाऊन तं बघा. तुमची बाजरी तरी कोठं पांढरी हाय." मावशीनं चार खाल्ल्या.

जेवण झाल्यावर सोनाबाईनं आम्हाला हात धुवायला बाहेर नेलं आणि मिरचीच्या झाडाच्या अगदी मुळाशी हात धरायला लावले. वरून पाण्याची बारीक धार. मावशी हसायलाच लागली. तिच्या घरी पण असंच, फक्त मिरचीच्या जागी कढीपत्ता. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या, आणि मला वाटलं, झालं, जमणार यांचं.

पांडूदादा मात्र हसत नव्हता. तो जेवतानाही मान वळवून उताराकडे बघत होता. त्यानं मावशीला एकच विचारलं, "मावशी, रविवारच्या आत कळेल का? जगतात का नाय ते?"

"झाड बोलतं रे," मावशी म्हणाली. "दोन दिवस दे त्याला."

शुक्रवार: जे आम्ही करायला नको होतं

सकाळी घागरी पुरल्या. मी खड्डे खणले, म्हणजे तीन खणले आणि मग हाताला फोड आले म्हणून वाती वळत बसले. पांडूदादा आणि वहिनी झपाझप करत होते. तारा प्रत्येक घागरीवर खडूनं नंबर टाकत होती, परीक्षेची तयारी म्हणे. तीन घागरी कमी पडल्या तिथं शेजारच्या बायकांनी स्वतःहून आपली फुटक्या काठाची मडकी आणून दिली.

मग पाण्याचा प्रश्न आला. पाड्याचं पाणी म्हणजे झिरा. खाली नाल्याच्या पात्रात गुडघाभर खोल, चारी बाजूंनी दगड रचलेला एक खड्डा. त्याच्या तळाशी काळा खडक आहे आणि त्या खडकावरून कुठून तरी पाणी पाझरत येतं. बायका शेजारी बसतात आणि करवंटीनं, हो, नारळाच्या करवंटीनं, हळूहळू हंड्यात भरतात. एक हंडा भरायला पाऊण तास. मग दुसरीचा नंबर. हंडे ओळीत ठेवलेले, माणसं सावलीत. कुणी भांडत नाही, कुणी ओळ मोडत नाही.

मावशीनं ते बघितलं आणि तिच्या हातांना खाज सुटली. "अगं, एवढ्यात पाड्याचंच भागत नाय, घागरी कशा भरणार? खोल करू ना हा! दोन हात खाली गेलो की धो धो लागंल."

नांदगावकडे पाणी म्हणजे खालीच. विहीर आटली की खोल करायची, तरी आटली की बोअर, बोअर आटली की अजून खोल. मावशीनं आयुष्यभर हेच बघितलंय.

सोनाबाई म्हणाली, "आमचे झिऱ्यात लोखंड नाय घालत, बाई. करवंटीच घालायची."

"का?"

"नाय घालत. माझे सासूनं सांगलेलं."

आणि इथं मावशीचं भाषण सुरू झालं. "ताई, लोखंडानं पाणी बाटत नाय. ही अंधश्रद्धा हाय. आपण बायांनीच हे सोडायला पाहिजे, नायतर पुढं कसं जाणार?" वगैरे वगैरे. आणि खरं सांगते, मी पण मान डोलावली. नर्सिंगला आहे ना मी, मला वाटलं मला तर सगळं माहीत.

सोनाबाईनं पांडूदादाकडे बघितलं. पांडूदादानं उताराकडे बघितलं, वळलेल्या पानांकडे. मग तो घरात गेला आणि पहार घेऊन आला.

अर्धा तास पहार चालली. खडकाचे टवके उडाले. आणि पाणी वाढलं! शप्पथ, वाढलं. चिखलासकट फुगून वर आलं, एका बाईचा हंडा दहा मिनिटांत भरला, पोरं नाचायला लागली, मी व्हिडिओ काढला. मावशी पदरानं घाम पुसत म्हणाली, "बघा! अन् म्हणे लोखंड नको."

सोनाबाई हसली नाही. ती हंडा उचलून घरी गेली.

शनिवार

सकाळी उजाडताना यमुनानं मला हलवून उठवलं. नुसतं खाली नाल्याकडे बोट दाखवत होती. मी तशीच अनवाणी खाली पळाले.

झिरा रिकामा होता. रिकामा म्हणजे पूर्ण. तळाच्या काळ्या खडकाला बोटभर रुंदीची भेग पडली होती आणि बाजूनं जे काय पाझरत येत होतं ते सरळ त्या भेगेत जात होतं. कान लावला तर आवाज येत होता. मोरीत शेवटचं पाणी जातं ना, तसा.

चौदा घरांच्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एक म्हातारी फक्त म्हणाली, "आता?"

पांडूदादा दगडावर बसला होता. वहिनी मागे वळली आणि घरी गेली, आणि मला वरून भांड्यांचे आवाज यायला लागले. ती सामान बांधायला लागली होती.

मावशी. मी मावशीला असं कधीच बघितलं नव्हतं. आमची मावशी तलाठ्याला गप्प करते. ती सोनाबाईसमोर उभी राहिली, सगळ्यांसमोर, आणि म्हणाली, "ताई, चुकलं माझं. तुमचं ऐकलं नाय मी. मला काय बोलायचं ते बोला."

सोनाबाई म्हणाली, "बोलून पाणी येल का?"

मग रिकाम्या झिऱ्याकडे बघून तीच म्हणाली, "मलाही नाय माहीत होतं लोखंड का नको. सासूनं सांगलं नाय, मी विचारलं नाय."

मावशीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी ती म्हणाली, "बया, तेवढं विचारलं असतं तर काल माझं तोंड तरी बंद झालं असतं!"

आणि ती मघाची म्हातारी फिस्सकन हसली. मग दुसरी. काय सांगू, तेवढ्या हसण्यानं सगळे एकदम सैल झाले.

सोनाबाई झिऱ्यात उतरली. भेगेवरून बोट फिरवलं, वास घेतला, वर बघितलं. "भाताचे खाचरात पाणी कसं राहातं?" तिनं विचारलं. मला विचारलं! मला काय माहीत. मी म्हटलं, "बांध घालतात?"

"बांधानं बाजूनं राहातं. खालून? तुडवून. माती पाणी घालून तुडवली, लोणी केली, का मग जमीन पाणी गिळत नाय. दर साल तं करतो आम्ही." आणि तिनं पदर खोचला. "पांडू, खाचरातली काळी माती आण. भाताचा तूस आण. उठ."

म्हणजे बघा ना. आमच्याकडे पाणी खाली शोधायचं आणि यांच्याकडे पाणी खाली जाऊ द्यायचं नाही. दोन्ही बरोबर. फक्त जागा चुकली की सत्यानाश.

पण माती तुडवायला पाणी लागतं, आणि पाणी कुठं होतं? तेव्हा हे झालं, आणि हेच मला कधीपासून सांगायचंय. ती म्हातारी घरी गेली आणि एक तांब्या भरून घेऊन आली. आदल्या दिवशीचं, प्यायचं पाणी. तिनं ते मातीवर ओतलं. मग दुसरी आली. मग सगळ्या. चौदा घरांतून चौदा तांबे. त्या दिवशी दुसरं पाणी कधी येईल कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यांनी ते आमच्या चुकीवर ओतलं.

काका हे सगळं लांबून बघत होते. ते गाडीकडे गेले, शेजाऱ्यांकडून दोन टिपाडं मागितली, गावातले हंडे चढवले आणि घाटाखालच्या विहिरीकडे निघाले. त्या दिवशी त्यांनी सहा खेपा केल्या. आधी सगळ्या घरांचं भागवलं, मग शेवटच्या दोन खेपा घागरींना. न सांगता.

आणि आम्ही माती तुडवली. सोपं वाटतं ना? पाय असा उचलायचा, टाच आधी टेकवायची, माती फिरवायची, परत. मावशी पाचव्या मिनिटाला ढपकन खाली बसली, अगदी मधोमध, आणि सगळा पाडा हसला. सोनाबाईनं हात दिला. "बाई, तुम्ही नांदगावला बोअर मारा, हे तुमचं काम नाय."

"शिकवा तर खरं! पहिलीतच नापास करता का?"

दुपारपर्यंत माती खरंच लोण्यासारखी झाली. सोनाबाईनं गोळे करून भेगेत भरले, अंगठ्यानं दाबत दाबत, जसं पुरणाची पोळी बंद करतात तसं. लाकूड नाही, लोखंड नाही, फक्त बोटं. वर सपाट दगड ठेवला. म्हणाली, आता कुणी वाकून पण बघायचं नाही. सकाळपर्यंत कुणीच नाही.

संध्याकाळी वहिनीचं पोतं बांधून दारात उभं होतं. ताराचं दप्तर त्यावर. पांडूदादा मला म्हणाला, "ताई, तुमच्यावर राग नाय. मीच पहार आणली."

रविवार

सात वाजता मुकादमाच्या पिकअपचा हॉर्न घाटात ऐकू आला. त्याच्या आधी, उजाडताना, सोनाबाईनं बघायला कुणाला पाठवलं असेल? काकांना. म्हणाली, हा माणूस बोलत नाय, म्हणजे खोटंही बोलणार नाय.

आम्ही सगळे वर उभे. काका खाली उतरले. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी काकांना ओरडताना ऐकलं.

"पानी शे! पानी शे वं!"

मी रडले. यमुना रडली. फार नव्हतं हो, करवंटी बुडेल एवढंच होतं. पण स्वच्छ होतं आणि थांबलेलं होतं.

पण पिकअप येऊन उभी राहिली होती. मुकादम खाली उतरला, "चल रे पांडू, माणसं थांबलीत." वहिनीनं पोतं उचलून गाडीच्या फाळक्यावर ठेवलं होतं. पांडूदादा म्हणाला, "दहा मिनिटं."

तो उतारावर गेला, अगदी वरच्या टोकाला, एकोणचाळीस नंबरच्या कलमाकडे. सगळ्यात वाईट अवस्था त्याची होती. फरशीचा तुकडा उचलला, आत बोट घातलं. आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरलेली घागर दोन बोटं उतरली होती. मग त्यानं झाडाच्या मुळाशी माती उकरली, चिमूट घेतली, चोळली. तळहाताला चिकटली. आम्हाला खालून दिसत होतं, तो आपला तळहात बघत बसला होता. हॉर्न वाजला. तो उठला नाही. परत वाजला.

मग खाली आला आणि मावशीला विचारलं, "घागर चार दिवस नक्की?"

"कडक ऊन असलं तर तीन. पण झाडाला घोटभरच लागतं रे, तू तांब्यानं घालायचा तिथं हे थेंबानं पितंय. रोज दहा घागरी भर. पाच-सहा हंडे. झिरा देईल तेवढं?"

पांडूदादानं आईकडे बघितलं. सोनाबाई म्हणाली, "पाड्याला विचार." आणि ती म्हातारी, जिनं पहिला तांब्या आणला, तीच म्हणाली, "रोज दर घर अर्धा हंडा देल. पर आंबे लागले का आधी मला."

पांडूदादा मुकादमाला म्हणाला, "भाऊ, या साली नाय येत."

मुकादमानं खांदे उडवले. "बघ बाबा. परत गाडी नाय."

"नको."

आणि वहिनी! तिनं पोतं असं खेचलं फाळक्यावरून की भांडी खणखणत खाली आली. दप्तर ताराच्या अंगावर फेकलं आणि म्हणाली, "बस अभ्यासाला!"

परत आल्यावर

आज सकाळी यमुनानं फोटो पाठवला. चार कलमं गेली. मी खोटं सांगणार नाही, चार गेली. पण छत्तीस जिवंत आहेत आणि त्यातल्या पंचवीस-तीसना तांबूस कोवळी पालवी फुटलीय, एकोणचाळीस नंबरला पण. ताराचा मराठीचा पेपर बरा गेला, गणिताचा विचारू नका. झिरा रोज पहाटे करवंटीभर वर आलेला असतो.

आणि आता खरी बातमी ऐका. मावशीनं गेल्या वर्षी शेतात तळं खणून घेतलं होतं, पण त्यात अंथरलेलं प्लॅस्टिक उंदरांनी कुरतडलं आणि जे काय थोडं पाणी साठतं ते आठ दिवसांत जमीन पिऊन टाकते. मावशीनं काल सोनाबाईला फोन केला. म्हणाली, ताई, माझं तळं तुडवून द्या. सोनाबाई आजपर्यंत वणीच्या पुढे गेलेली नाही आणि तिला गाडी लागते. तरी म्हणाली, "येते. पर तुमचे गावच्या बाया लागतील. एवढी मोठी जागा, दोन पायांनी कशी होईल?" मावशी गल्लीत फिरून आली. बावीस बाया तयार आहेत. पुढच्या आठवड्यात मी सोनाबाईला आणायला जातेय, पिशवीत लिंबं घेऊन.

तर मला आता तुम्ही सांगा. तुम्ही कधी असं कुणाचं भलं करायला गेलात, शहाणपणा केलात, त्यांचीच वस्तू मोडून ठेवलीत, आणि मग त्याच माणसांनी तुम्हाला ती कशी सांधायची ते शिकवलं, असं तुमच्या बाबतीत झालंय का? खरं खरं सांगा. मी एकटीच तर नाही ना?